अकरा फोटोंवरचा जांभळा पट्टा

प्रिय खारुताई,

पाकीट उघडलंस म्हणजे माझ्यावरचा राग थोडा तरी निवळला असणार, नाहीतर पाकिटाच्या जाडीने तरी तुला भुलवलं असणार. काही असो. आता हातात घेतलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, मधेच घडी घालून उशीखाली सारू नकोस. मी आधी भरपूर बढाई मारणार आहे आणि ती तुला ऐकून घ्यावी लागेल. तुझ्या अकरा फोटोंवरचा तो जांभळा पट्टा कुठून आला ते मला सापडलं आहे. अंदाज नाही, तर्क नाही, सापडलं आहे. हवा तेव्हा तो पट्टा मी आणू शकते आणि हवा तेव्हा घालवू शकते. परवा दुपारी संग्रहालयाच्या मोठ्या दालनात, प्रमुख साहेबांच्या नाकासमोर, मी तो सहा वेळा आणला आणि सहा वेळा घालवला. मला चौसष्टावं चालू आहे, एक गुडघा कामातून गेलेला, तरी घरी आल्यावर दोन दोन पायऱ्या चढून वर गेले. दादा खालून ओरडत होता, अगं पडशील, आणि तुझी आई म्हणाली, चढू द्या तिला, दोन वर्षांनी ही बाई हसते आहे.

दुकान तू गेलीस तेव्हा होतं तसंच आहे. फोन खिशात आल्यापासून दुरुस्तीला येतात ते फक्त माझ्यासारखे वेडे. गेल्या आठवड्यात एकाने आजोबांचा कॅमेरा आणला, आत कोळ्याने संसार थाटला होता. टेबलावर तीच पसाऱ्याची आरास, चिमटे, भिंगं, स्क्रूंच्या डब्या, मशीनच्या तेलाची ती बुटकी बाटली, जिच्या तोंडावर कालपर्यंत काळं रबरी टोपडं होतं. समोरच्या दारातून दुपारचं ऊन अजूनही थेट टेबलापर्यंत येतं आणि मी अजूनही त्याच्या नावाने बोटं मोडते. स्क्रूंच्या डब्या पाहिल्या की तुझी आठवण येते हे तुला सांगायला नकोच. चार वर्षांची असल्यापासून तू माझ्या टेबलाखाली बसून पडलेले स्क्रू वेचायचीस आणि फ्रॉकच्या खिशात साठवायचीस, म्हणून तर खारुताई.

एक गोष्ट मात्र मी तुला कधी नीट सांगितली नाही. तू सात वर्षांची होतीस. एका गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्यातला पितळी स्क्रू हरवला, तांदळाच्या दाण्याएवढाही नव्हता, पण त्याच्यावाचून सगळं अडलं होतं. मी तुला समोर उभं केलं आणि चांगलीच झाडली. तू खिसे उलटे करून दाखवलेस. त्यातून नऊ स्क्रू, एक स्प्रिंग आणि एक बटण निघालं, पण तो नाही. तू एवढंच म्हणालीस की तो मी नाही घेतला, आणि रडली नाहीस. संध्याकाळी केस विंचरताना तो स्क्रू माझ्या अंबाड्यातून पडला. काम करताना मीच तिथे खोचला असणार. मी तो गुपचूप बसवला आणि तुला सांगितलं की सापडला. कुठे सापडला ते सांगितलं नाही. आज सांगते आहे, सत्तावीस वर्षांनी. हे आत्ता का आठवलं ते पुढे कळेल.

आता मुद्द्यावर येते, आणि सगळं पहिल्यापासून लिहिते, कारण माझ्या बाजूने काय काय घडलं ते तुला ठाऊकच नाही. संग्रहालयाने ती जुनी, जहाजं रंगवलेली भिंत साफ करायच्या आधी तिचे फोटो काढायचं काम तुला दिलं, तेव्हा या घरात कोण नाचलं होतं ते आठव. मी. कॅमेरा तू घेतलास, पण तो गळ्यात अडकवायचा पट्टा मी बनवला. कंपनीचा तो नायलॉनचा, मानेला कापणारा पट्टा मी त्याच दिवशी काढून टाकला आणि दादाच्या जुन्या कामावरच्या चामडी पिशवीतून तुझ्यासाठी पट्टा शिवला, दुहेरी टाक्यांनी. बापाची पिशवी गळ्यात घालून पोर कामाला निघाली म्हणून दादाने तोंड फिरवून नाक शिंकरलं होतं. दालनात दिवे लावायचे नाहीत, जुन्या रंगांना ते सोसत नाहीत, असा नियम होता. म्हणजे अंधूक उजेडात शटर अर्धा मिनिट उघडं ठेवूनच फोटो काढायचे. त्याची रीतही मीच तुला शिकवली. कॅमेरा तिपाईवर घट्ट बांधायचा, बटण लांबच्या वायरीने दाबायचं, दोन पावलं मागे सरायचं आणि शटर मिटेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा. तू अक्षर न अक्षर पाळलंस. बहात्तर फोटो काढलेस आणि त्यातल्या अकरांवर, खालच्या बाजूला, कुणीतरी ओला जांभळा बोळा फिरवावा तसा पट्टा उमटला.

कळलं तोवर भिंत धुऊन झाली होती. पुन्हा फोटो काढायची सोय उरली नव्हती. साहेब म्हणाले की तू संगणकावर रंगांशी खेळत बसलीस, फोटो नासवलेस आणि आता कॅमेऱ्यावर ढकलते आहेस. तू म्हणालीस, कॅमेरा तपासून घ्या. त्यांनी विचारलं, कोणाकडून, आणि तू माझं नाव सांगितलंस, कारण या कामात माझ्या शिक्क्यापुढे कोणी बोलत नाही हे तुला माहीत होतं. तू दुकानात आलीस, कॅमेरा माझ्यापुढे ठेवलास आणि म्हणालीस, आत्या, मी फोटोंना हात लावलेला नाही, आणि हे फक्त दुपारी येतं, सकाळी येत नाही. मी काय उत्तर दिलं ते तुला तोंडपाठ असेल. मी म्हणाले होते, कॅमेऱ्याला घड्याळ कळत नाही.

तीन दिवस तपासला मी तो. चौथ्या दिवशी दुकानाच्या कागदावर लिहून दिलं, तपासणी केली, कॅमेऱ्यात कोणताही दोष आढळला नाही, आणि खाली अडतीस वर्षांच्या कमाईचा शिक्का मारला. तू तो कागद उभ्या उभ्या वाचलास. फाडून टाकता आला असता, पण तू त्याची नीट घडी घातलीस आणि स्वतःच्या हाताने साहेबांना नेऊन दिलास. पुढच्या आठवड्यात तू कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवलास, मोडीत काढ म्हणालीस आणि निघून गेलीस. आता दुसऱ्या गावी पार्सलांच्या कचेरीत बसून पत्ते टाईप करतेस. दादाला फोन करतेस, आईला करतेस, माझ्याशी बोलत नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही बोलले नसते, वर दोन शिव्या हासडल्या असत्या.

पहिले सहा महिने मी त्या कॅमेऱ्याकडे बघितलंही नाही. मोडीत मात्र काढला नाही, मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेवला. मी लिहिलं ते खरं होतं, त्यात फिरवाफिरव नव्हती, असं स्वतःला समजावत राहिले. पण माझा कागद खरा म्हणजे तू खोटी, आणि तुला तर धड खोटं बोलताच येत नाही. लहानपणी शाळा बुडवायला पोटात दुखतं म्हणायचीस आणि लगेच म्हणायचीस की फार नाही दुखत. असली मुलगी अकरा फोटो नासवून कॅमेऱ्याचं नाव सांगेल? एका दुपारी मी कपाट उघडलं, कापड सोडलं आणि तिपाई मांडली. त्या दिवसापासून दुपारी जेवण झालं की रोज तासभर हाच उद्योग. दादाला सांगितलं होतं की जुनी कामं उरकते आहे.

त्या कॅमेऱ्याचा मी जो छळ केला तो ऐकशील तर त्याची कीव येईल. आधी वाटलं, तापून होत असेल. म्हणून तो गरम इस्त्रीजवळ ठेवला, मग गार करायला फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी. तुझ्या आईने दुधासाठी हात घातला आणि लेन्स हाताला लागली, तेव्हा घर डोक्यावर घेतलं. चार कार्डं बदलली, तीन बॅटऱ्या, पाच लेन्स. फोनच्या लहरींचा त्रास होतो का बघायला दादाचा फोन कॅमेऱ्यावर ठेवून दादालाच शेजारच्या खोलीतून फोन लावायला लावला, तो बिचारा विचारत राहिला की बोलायचं काय. सेन्सर उघडला, पुसला, पुन्हा बसवला. शटरची पाती मुद्दाम सैल केली, मग घट्ट केली. दर वेळी तिपाई, लांबची वायर, अर्धा मिनिट, आणि दर वेळी फोटो धुतल्या तांदळासारखा. पट्ट्याचं नाव नाही. एका वहीत मी प्रत्येक फोटोपुढे फुली मारत होते. सहाशे बारा फुल्या झाल्या तेव्हा मी हात टेकले होते, खोटं कशाला सांगू.

मी कॅमेरा कसा तपासते ते तुला ठाऊक आहे, तू लहानपणी माझी नक्कल करायचीस. माझे वस्ताद सांगायचे की यंत्राचं दुखणं दिसायच्या आधी ऐकू येतं. म्हणून मी शटर उघडलं की वाकून डावा कान कॅमेऱ्याच्या पाठीला लावते आणि ते मिटेपर्यंत तशीच राहते. एखादं पातं घासत असेल, एखादी मोटर कुरकुरत असेल, तर कानाला बरोबर कळतं. चाळीस वर्षं हेच. गिऱ्हाइकं हसतात, हसू देत.

मग माझ्या डाव्या कानात फोड झाला. कानाचे डॉक्टर वयाने तुझ्याएवढे असतील, पण काय दरारा. औषध घातलं, कापूस कोंबला, वरून पट्टी बांधली आणि बजावलं की पंधरा दिवस या कानाला काहीही टेकवायचं नाही, उशीसुद्धा नाही. मी दुकानात आले ती फणफणतच. सवयीने तिपाई मांडली, कॅमेरा लावला, वायर दाबली आणि वाकायला गेले तर डॉक्टरांचा चेहरा आठवला. तेव्हा काय करणार, दोन पावलं मागे सरले, कमरेवर हात ठेवले आणि तीस आकडे मोजत उभी राहिले. बरोबर तुझ्यासारखी. टेबलावर दुपारचं ऊन आलं होतं. शटर मिटलं, फोटो पडद्यावर आला आणि त्याच्या खालच्या बाजूला जांभळा पट्टा होता.

स्टुलावर बसले, पदराने भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं. होता. मग उठून तसाच दुसरा फोटो काढला. पट्टा. तिसऱ्याला डॉक्टरांची आज्ञा मोडली, पट्टीसकट कान कॅमेऱ्याला लावला, जीव कळवळला, पण पट्टा गायब. पुन्हा लांब उभी राहिले, पट्टा. पुन्हा कान, नाही. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला, खारुताई, आणि तो नको त्या वाटेने पडत होता. आपण बघायला जिथे डोळा लावतो, ती मागची छोटी काच. आपण तिच्यातून बाहेर बघतो, पण बाहेरचं ऊन तिच्यातून आतही बघतं. पापणी लवते न लवते तोच संपणाऱ्या फोटोत काही बिघडत नाही, आणि डोळा लावलेला असला तर आपलंच डोकं झाकण होतं. पण शटर अर्धा मिनिट उघडं, डोळा लांब आणि पाठीवर थेट ऊन असेल, तर उजेड मागच्या दाराने झिरपत सेन्सरपर्यंत पोहोचतो. सहाशे बारा वेळा माझा कान त्या काचेवर झाकण होऊन बसला होता. जो दोष शोधत होते तोच मी स्वतःच्या कानाने बुजवत होते.

मी अकरा फोटोंच्या वेळा काढल्या, फोटोच्या पोटात त्या लिहिलेल्या असतातच. अकराच्या अकरा तीन बत्तीस ते चार एकोणीस यांच्या मधल्या. कॅमेऱ्याला घड्याळ कळत नाही हे मी बरोबर सांगितलं होतं, फक्त उन्हाला कळतं हे मला सुचलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी कानाला पट्टी बांधून मी दालनात हजर. दारावर उंच ती गोल खिडकी आहे ना, तेवढीच बिनपडद्याची. पण ऊन दुसऱ्याच कोपऱ्यात पडलेलं. तिथला पहारेकरी, वीस वर्षं त्याच स्टुलावर बसतो, त्याने शांतपणे सांगितलं की ऊन भिंतीच्या बाजूला सरकायला अजून सात आठवडे आहेत, दरवर्षी त्याच दिवसांत ते तिकडे जातं. तुझी त्याला चांगली आठवण आहे. म्हणाला, त्या ताई बटण दाबून मागे सरायच्या आणि पुतळ्यासारख्या उभ्या राहायच्या, ऊन कॅमेऱ्याच्या पाठीवर यायचं ते मी बघायचो. मी विचारलं, मग तेव्हा सांगितलं का नाही? त्याने सरळ सांगितलं, "मला कोणी विचारलंच नाही."

सात आठवडे मी कसे काढले ते विचारू नकोस. मधल्या काळात साहेबांच्या खनपटीला बसले. ते भेटेनात. तीन दुपारी त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर ठाण मांडलं, चौथ्या दिवशी आत बोलावलं. मी बोलायला लागले तर त्यांनी कपाटातून एक कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. "हा तुमचाच ना?" माझा शिक्का माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, माझाच, आणि तो चूक आहे. ते म्हणाले की तुमची भाची आहे म्हणून आता फिरलात. तोंडात मारल्यासारखं झालं, पण मी जागची हलले नाही. म्हटलं, पुढच्या महिन्यात पाच दुपारी मला दालन द्या, नाही दाखवता आलं तर दुकानाची पाटी उतरवते. पाटीचं ऐकल्यावर ते जरा चमकले. दिल्या दुपारी.

परवाची दुपार मी जन्मात विसरणार नाही. तुझाच कॅमेरा, तुझीच लेन्स. फरशीवर तू तिपाईसाठी खडूने केलेल्या खुणा कोणी पुसल्या नव्हत्या, पहारेकऱ्याने त्यांच्यावरून झाडू फिरवू दिला नव्हता. तीन तीस झाले. ऊन दाराकडून सरकत सरकत आलं आणि बरोबर तीन बत्तीसला कॅमेऱ्याच्या पाठीवर चढलं. मी वायर दाबली, दोन पावलं मागे सरले. अर्धा मिनिट दालनात फक्त साहेबांच्या घड्याळाची टिकटिक होती. फोटो आला, पट्टा आला, त्याच जागी, त्याच रंगाचा. मग काचेवर काळं कापड धरलं. पट्टा नाही. साहेब म्हणाले, पुन्हा. पुन्हा आणला, पुन्हा घालवला. पाचव्या वेळी ते स्वतः पुढे आले आणि कापड बाजूला करून काचेवर आपला अंगठा ठेवून उभे राहिले, श्वास रोखून. सहाव्या वेळी त्यांनी वायरही माझ्या हातातून घेतली. पट्टा काही साहेबांना घाबरला नाही, आला. पहारेकऱ्याने टाळी वाजवली आणि लगेच हात मागे लपवले.

तेवढ्यावर मी थांबते होय? लेन्सवर झाकण घातलं आणि ऊन सरायच्या आत अकराही खुणांवरून फोटो काढले. समोरून काळोख, मागून ऊन, म्हणजे कार्डावर नुसता पट्टा उतरला, बाकी काही नाही. त्यांच्या संगणकावर बसणाऱ्या बाईंनी तुझ्या मूळ फोटोंमधून हा नुसता पट्टा वजा केला. मी खुर्चीमागे उभी होते. सातव्या फोटोतल्या जांभळ्या चिखलातून हळूहळू एक नावाडी वर आला, हातात वल्हं, गालावरचा रंग उडालेला, भिंत धुवायच्या आधी होता तसा. बाईंनी तोंडावर हात ठेवला. अकरापैकी नऊ फोटो स्वच्छ झाले, दोन थोडे मळकट राहिलेत, पण सगळं दिसतं. धुण्याआधीची जी भिंत आता कोणालाच बघता येणार नाही ती तुझ्या बहात्तर फोटोंत आख्खी आहे. मग साहेबांनी विचारलं की तू हल्ली काय काम करतेस. मी सांगितलं, पत्ते टाईप करते. ते खाली बघायला लागले. मला बरं वाटलं, लपवत नाही.

इथे पत्र संपवलं असतं तर माझी बढाई शोभली असती. दालनात मी साहेबांना नवा कागद दिला होता, दोष कॅमेऱ्याच्या रचनेचा आहे, फोटो काढणाऱ्याचा नाही. ते खुश, मी खुश. काल सकाळी दुकान उघडलं, त्या कोळ्याच्या संसाराला तेल द्यायला बाटली हातात घेतली, टोपडं उपसलं आणि बघत राहिले. ते बाटलीचं टोपडं नाहीच, खारुताई. तुझ्या कॅमेऱ्याचा कंपनीचा पट्टा मी काढून टाकला, त्याला अडकवलेलं होतं ते. त्या मागच्या काचेवर चढवायलाच ते देतात, याच कामासाठी. मी ते त्याच दिवशी कात्रीने कापून घेतलं आणि माझ्या तेलाच्या बाटलीला बसवलं, आणि तुला शिकवताना त्याच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही, वस्तादांनी शिकवलं होतं, मी विसरले होते. म्हणजे दोष कंपनीच्या रचनेचाही नाही. त्यांनी झाकण दिलं होतं. ते मी काढलं, मग तपासायला बसले तीही मी, आणि तू खोटी ठरलीस. हे मी सांगितलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं, माझी पाटी झळकत राहिली असती. पण स्क्रू अंबाड्यात सापडला होता तेव्हा मी गप्प बसले होते, ते एकदा पुरे झालं. मी तिसरा कागद लिहिला. दोषाचं कारण या ओळीपुढे माझं स्वतःचं नाव घातलं, शिक्का मारला, घडी घातली आणि तू गेली होतीस त्याच रस्त्याने चालत जाऊन साहेबांच्या हातात दिला. एक प्रत दुकानाच्या काचेवर आतून चिकटवली आहे, येणारा जाणारा वाचतो. दुसरी या पाकिटात आहे, आणि तिच्यामागे साहेबांचं पत्र, त्यांच्या हस्ताक्षरात. त्यात त्यांनी तुझी माफी मागितली आहे, पुस्तकात बहात्तर फोटोंखाली तुझं नाव येईल असं लिहिलं आहे आणि उत्तरेच्या भिंतीचं काम तू करशील का असं विचारलं आहे. त्याचं उत्तर तुझं तू दे, तुझ्या वतीने मी आता काहीही लिहून देणार नाही. मला फक्त माझं बोलायचं आहे. सहाशे बारा वेळा मी त्या कॅमेऱ्याला कान लावला आणि तुला एकदाही लावला नाही. तू पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतंस. माझं चुकलं, बाळा. टोपडं साबणाने धुऊन तुझ्या चामडी पट्ट्याला दुहेरी टाक्यांनी शिवून टाकलं आहे, आता ते कोणाच्या बापाला निघायचं नाही. कॅमेरा टेबलावर आहे, पुसलेला. तेलाच्या बाटलीला सध्या कानाच्या डॉक्टरांचा कापूस लावला आहे.

तुझीच,
आत्या